घोड्याच्या रक्ताचा हिशेब

साप चावलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात आणले की सोबतचे लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘लस आहे ना?’ डॉक्टर तिला एएसव्ही म्हणतात. काचेच्या लहान कुपीत पांढरट भुकटी असते. ती निर्जंतुक पाण्यात विरघळवायची आणि सलाइनमधून शिरेत सोडायची. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, आणि रक्त गोठत नसेल तर पुन्हा द्याव्या लागतात. ही भुकटी घोड्याच्या रक्तातून आलेली आहे, हे त्या धावपळीत कोणाच्या मनात येत नाही, येण्याचे कारणही नाही. त्या घोड्याला कित्येक महिने सापाचे विष थोडेथोडे टोचलेले असते. कुपी कारखान्याबाहेर पडण्याआधी तिची ताकद मोजायला पांढऱ्या उंदरांना विष दिलेले असते आणि त्यांतले काही मेलेले असतात.

माणसाच्या आरोग्यासाठी प्राण्यांचा वापर करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा सौंदर्यप्रसाधने आणि सशांचे डोळे यांच्याभोवती फिरतो. त्या प्रश्नाचे उत्तर अवघड नव्हते. लिपस्टिकसाठी सशाचे हाल करण्याचे समर्थन कोणालाच नीट करता आले नाही, आणि २०१४ मध्ये भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली. खरा पेच सापाच्या लशीत आहे. इथे एका बाजूला घोडा आहे, उंदीर आहेत, आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरात वाकलेली बाई.

तिच्यासारखी मरणारी माणसे किती? टोरांटोचे प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील मृत्यूंच्या घरोघर केलेल्या चौकशीवरून २०२० मध्ये जे अंदाज मांडले, त्यानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत बसवले. दुर्लक्षित हा शब्द सरकारी असला तरी इथे तो अचूक आहे. मरणारा गरीब असतो, शेतात किंवा जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला असतो, आणि त्याच्यासाठी औषध शोधण्यात फार नफा नसतो. म्हणूनच सव्वाशे वर्षे झाली तरी औषध घोड्यापाशीच थांबले आहे.

*

या पद्धतीचे मूळ १८९० सालचे. बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले की, धनुर्वात किंवा घटसर्प यांच्या विषाची थोडी मात्रा पचवलेल्या प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला त्याच विषापासून वाचवते. काही वर्षांतच आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने सायगावमधील अनुभवावरून नागाच्या विषाविरुद्ध असेच रक्तद्रव तयार केले. त्यासाठी घोडा निवडला गेला, कारण तो मोठा, माणसाळलेला आणि रक्त भरपूर देणारा.

आजही रीत तीच आहे. पहिल्या वेळी विष इतके कमी देतात की घोड्याच्या जिवाला धोका होऊ नये, मग मात्रा वाढवत नेतात. सोबत प्रतिकारशक्तीला चेतवणारा पदार्थ मिसळतात. त्याने टोचलेली जागा सुजते, कधी गळू होते. रक्तात पुरेशी प्रतिद्रव्ये तयार झाली की मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त काढतात आणि प्लाझ्मा वेगळा करतात. जिथे काम नीट चालते तिथे लाल पेशी पुन्हा घोड्याच्याच शरीरात सोडतात. प्लाझ्मातील प्रतिद्रव्ये पेप्सिनने तोडून, शुद्ध करून त्यांची भुकटी बनते. घोड्याला विश्रांती, मग पुन्हा विष आणि पुन्हा रक्त. हे वर्षानुवर्षे चालते.

मुंबईत हे काम परळला रुजले. आचार्य दोंदे मार्गावरची हाफकिन संस्थेची जुनी वास्तू कधीकाळी पोर्तुगीज धर्मगुरूंची होती, पुढे गव्हर्नरांचा बंगला झाली, आणि १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेला मिळाली. घोड्यांचा धागा पुण्यालाही जोडला गेला. सायरस पूनावाला यांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला लशीसाठी दिले जात. तेच काम आपण का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगातील सर्वांत मोठ्या लस उत्पादकांपैकी एका कंपनीचा पाया घोड्याच्या रक्तावर घातला गेला आहे, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये.

घोडा सुदृढ आहे की नाही हा भूतदयेचाच प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी १९०१ ची एक घटना वाचावी. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात पूर्वी दुधाची गाडी ओढणारा जिम नावाचा घोडा घटसर्पाच्या लशीसाठी पाळला होता. त्याला धनुर्वात झाला, त्याला मारावे लागले, पण त्याच्या आधी काढलेले दूषित रक्तद्रव वापरले गेले. तेरा मुले मेली. पुढच्या वर्षी अमेरिकेने जैविक औषधांवर नियंत्रण आणणारा पहिला कायदा केला. घोड्याकडे नीट पाहिले गेले असते, तर ती मुले वाचली असती.

आपल्याकडे गेल्या पंचवीस वर्षांत प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या पाहणी पथकांनी एकाहून अधिक वेळा लस बनवणाऱ्या फार्मवरच्या घोड्यांचे अहवाल दिले आहेत. रक्तक्षय झालेले घोडे, खुरांचे आजार, डोळ्यांचे विकार, न भरलेल्या जखमा. हे वाचून संताप येतो, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. अशक्त, आजारी जनावराचे शरीर चांगली प्रतिद्रव्ये बनवत नाही. लशीत विषाविरुद्ध काम करणारी प्रतिद्रव्ये मुळातच थोडी असतात. बाकीची त्या घोड्याने आयुष्यात झेललेल्या इतर जंतूंविरुद्धची. उपयोगी भाग जितका कमी, तितक्या कुप्या जास्त, आणि जितके परके प्रथिन जास्त, तितकी रुग्णाला रिअॅक्शन येण्याची भीती जास्त. म्हणून तर लस देताना डॉक्टर अॅड्रेनलिन हाताशी भरून ठेवतात. घोड्याची हेळसांड शेवटी रुग्णाच्या शिरेत उतरते.

*

आता विषाकडे येऊ. भारतातली लस चार सापांसाठी बनते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोड्यांना टोचायचे विष मुख्यतः तमिळनाडूतून येते. तिथे साप पकडण्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या इरुला लोकांची सहकारी संस्था सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये सुरू झाली. साप पकडायचा, काही आठवडे ठेवून विष काढायचे आणि परत सोडून द्यायचा. कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर उपजीविका गेलेल्या लोकांना यातून मानाचे काम मिळाले, सापही वाचले. ही संस्था कौतुकाचीच आहे.

पण तमिळनाडूच्या घोणशीचे विष आणि आपल्या घोणशीचे विष सारखेच असेल असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या गटाने गेल्या काही वर्षांत दाखवले आहे की, एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि देशाच्या काही भागांतल्या विषावर बाजारातली लस फार अपुरी पडते. शिवाय या चारांपलीकडचे विषारी साप आहेतच. सह्याद्रीत चापडा चावला तर ही लस त्याच्यासाठी बनवलेलीच नसते.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते हे की, यात नवे काहीच नाही. काल्मेतला वाटत होते की, नागाविरुद्धची त्याची लस सगळ्या सापांवर चालेल. ब्राझीलच्या व्हिताल ब्राझिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी सिद्ध केले की, ती त्यांच्याकडच्या सापांवर चालत नाही, ज्या सापाचे विष त्याच सापाची लस हवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत आणि कसौलीत काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्ब यांनी घोणशीच्या बाबतीत तेच दाखवले. त्यासाठी तेव्हाही ससे, कबुतरे, उंदीर मारले गेले होते. त्या प्राण्यांनी दिलेले उत्तर सव्वाशे वर्षे पुस्तकात आहे, आणि आपण आजही बहुतांश विष एकाच प्रदेशातून आणतो.

माझ्या दृष्टीने प्राण्यांवरील संशोधनातले सर्वांत मोठे पाप हेच. जनावराला त्रास देऊन ज्ञान मिळवायचे आणि मग ते वापरायचेच नाही. संशोधन गरजेचे होते की नाही यावर वाद होऊ शकतो. मिळालेले उत्तर कपाटात पडून राहिले, यावर काय वाद घालणार?

*

लशीची ताकद उंदरांवर मोजतात. भारतीय औषधसंहितेप्रमाणे एक मिलिलिटर लशीने नागाचे आणि घोणशीचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केले पाहिजे. ठरावीक विष आणि लस परीक्षानळीत एकत्र करून काही वेळ ठेवतात, मग ते मिश्रण उंदरांना टोचतात आणि ठरलेल्या वेळेनंतर किती जगले ते मोजतात. या मोजणीचे माप म्हणजे मृत्यू. लस कमी पडलेला उंदीर विषाने तडफडून मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आता उंदरांना आधी वेदनाशामक देण्याचा आग्रह आहे. ही गोष्ट सुचायला इतकी वर्षे का लागावीत, हे मला समजत नाही.

चाचणीत शास्त्रीय उणीवही आहे. खऱ्या दंशात विष आधी शरीरात जाते आणि लस दोन, चार, कधी दहा तासांनी मिळते. परीक्षानळीत मात्र दोघांची गाठ आधीच घालून दिलेली असते. म्हणजे उंदीर मरतात ते ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी, तो प्रश्न शेतकऱ्याच्या प्रश्नाहून वेगळा आहे. शुद्ध केलेल्या विषाला लस किती चिकटते हे काचेच्या तबकड्यांत मोजता येते, रक्त गोठण्यावरचा परिणामही नळीत पाहता येतो. प्राथमिक चाळणी तिथे झाली तर कमी ताकदीची लस उंदरांपर्यंत पोचणारच नाही.

१९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी अशा कामासाठी तीन कसोट्या सांगितल्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा, आणि जे वापराल त्यांचा त्रास कमी करा. भारताने त्यात आपली एक भर घातली, काम संपल्यावर मोठ्या प्राण्यांचे पुनर्वसन. घोडा रक्त देईनासा झाला की त्याचे पुढे काय करायचे, ही जबाबदारी वापरणाऱ्याची आहे, असे आपले नियम सांगतात. या तीन कसोट्यांनंतर एका वर्षाने, १९६० मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या विधेयकातून त्याची सुरुवात झाली होती. कायद्याने वैद्यकीय प्रयोगांना मनाई केली नाही, पण त्यांच्यावर देखरेख करणारी समिती ठेवली. आज असे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राण्यांविषयीची नैतिक समिती असते, तिच्यात पशुवैद्य असतो, आणि शास्त्रज्ञ नसलेला सामान्य नागरिकही असतो. या शेवटच्या माणसाने प्रश्न विचारले तर समितीला अर्थ आहे.

*

प्राण्यांवरचा चांगला प्रयोग कसा असतो, याचे उदाहरणही परळलाच सापडते. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगश मूळचे गोव्याचे. पुढे सरकारने काय केले ते महाराष्ट्र विसरलेला नाही: घराघरांत घुसून झडत्या, बायाबापड्यांची तपासणी, सामानाची होळी, सक्तीची इस्पितळे. पुण्यात त्याचा शेवट १८९७ च्या जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड याच्या वधात झाला. हे सगळे चालले होते ते रोग माणसातून आणि घाणीतून पसरतो या समजुतीवर. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखवले, पण त्यांचे कोणी ऐकले नाही.

१९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेतून प्लेगची चौकशी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मुंबईतल्या प्लेगच्या घरांत गिनिपिगांचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे उघडे, काहींना पिसू आत शिरणार नाही इतकी बारीक जाळी. हवा तीच, खोली तीच, घाण तीच. उघड्या पिंजऱ्यांतल्या गिनिपिगांना प्लेग झाला, जाळीतले वाचले. इतका सरळ प्रयोग! त्याने सिद्ध झाले की, शेजाऱ्याला घरातून ओढून नेण्यात अर्थ नाही, उंदीर आणि पिसू रोखायला हवेत. गिनिपिग मेले, हे खरे. पण त्यांचा प्रश्न नेमका होता, उत्तर निःसंदिग्ध होते, आणि त्याने माणसांना वागवण्याची रीत बदलली.

प्रत्येक वेळी असे होत नाही. २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात एका नव्या प्रतिद्रव्य-औषधाची चाचणी सहा निरोगी तरुणांवर झाली. माकडांना दिलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच मात्रा होती, आणि माकडांना काही झाले नव्हते. सहाही तरुणांचे अवयव काही तासांत निकामी होऊ लागले. माकड माणसाच्या जवळचे असले तरी त्याच्या रोगप्रतिकारक पेशी आपल्यासारख्या नाहीत. प्राण्यावर सुरक्षित ठरले म्हणजे माणसावर सुरक्षित, हे गृहीतक विज्ञानाचे नव्हे, सवयीचे आहे.

काही ज्ञान तर प्राण्यांशिवायच येते. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना हिंमतराव बावस्कर यांनी विंचवाने मरणाऱ्या कोकणातल्या मुलांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, फुप्फुसात साठणारे पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे जुने औषध वापरून पाहिले, आणि विंचूदंशाचे मृत्यू पार खाली आले. पुढे २०११ मध्ये त्यांनी प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेही दाखवून दिले. ती लस पुन्हा घोड्याचीच. माणसाकडे नीट पाहणे आणि जनावराकडून घेणे, दोन्ही एकाच खाटेवर एकत्र आले.

*

घोड्याला पर्याय येऊ शकतो का? आपल्याच अनुभवात त्याचे उत्तर आहे. पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, ही आठवण चाळिशीच्या पुढच्या अनेकांना असेल. ती लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून बनवली जाई. डेव्हिड सेंपल यांनी ती कसौलीत विकसित केली. मेंदूतल्या घटकांमुळे काहींना अर्धांगवायूसारखे विकार होत, तरी शंभरेक वर्षे ती चालू राहिली. २००४ च्या अखेरीस भारताने ती थांबवली. तिची जागा पेशींच्या कल्चरवर बनणाऱ्या लशींनी घेतली. त्यातल्या व्हेरो पेशी १९६२ मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवल्या होत्या, आणि त्या आजही वाढत आहेत. मेंढ्याही वाचल्या आणि माणसेही. रेबीजच्या जखमेत द्यायची तयार प्रतिद्रव्ये घोड्याच्या रक्तातून येत. पुण्याच्या सीरमने त्याला प्रयोगशाळेत बनणारी माणसासारखी प्रतिद्रव्ये हा पर्याय दिला आहे.

कोविडच्या काळात याच व्हेरो पेशींवर कोव्हॅक्सिन बनली. ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वीस ऱ्हीसस माकडांवर पारखली. टाळेबंदीत माकडे मिळेनात, तेव्हा पथक रानोमाळ फिरले आणि शेवटी नागपूरकडच्या भागात ती सापडली, असे त्या वेळचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे. पाच-पाचचे चार गट, तीन गटांना लस, एका गटाला नुसते द्रावण, मग सगळ्यांना विषाणू. लस घेतलेल्यांना न्यूमोनिया झाला नाही. त्या माकडांबद्दल भार्गवांनी कृतज्ञतेने लिहिले, हे मला आवडले. अशा कामात आभार मानण्याची पद्धतच नसते.

सर्पदंशात पर्यायाची चाहूल आता लागली आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी नाग, मण्यार आणि आफ्रिकी मांबा यांच्या एका प्रमुख मज्जाविषाला अडवणारे प्रतिद्रव्य कृत्रिमरीत्या बनवले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आराखडा काढून तशीच प्रथिने घडवली. त्याच वर्षी मे महिन्यात आलेले काम तर थक्क करणारे आहे. अमेरिकेतल्या टिम फ्रीडे या माणसाने जवळजवळ अठरा वर्षे स्वतःला शेकडो वेळा सर्पविष टोचून घेतले होते. शास्त्रज्ञांनी त्याच्या रक्तातून दोन प्रतिद्रव्ये शोधली, आणि त्यांच्या जोडीला एक औषध देऊन अनेक नागकुळी सापांच्या विषांपासून उंदरांना वाचवले. घोड्याच्या जागी माणूस उभा राहिला, आणि तोही स्वतःच्या इच्छेने. असे कोणी करावे असे मी म्हणणार नाही. पण घोड्याला कोणी विचारले नव्हते, हा फरक मनातून जात नाही.

या तिन्ही शोधांची परीक्षा उंदरांवरच झाली. घोड्याला मोकळे करण्याचा रस्ता सध्या तरी उंदरांच्या पिंजऱ्यावरून जातो, हे कबूल केलेच पाहिजे. आणि तिन्ही शोध मज्जाविषांवर आहेत, नाग-मण्यारीच्या कुळावर. आपल्याकडे शेतात सर्वाधिक घात करणारी घोणस आणि कोकणातले फुरसे यांचे विष रक्त, मूत्रपिंड आणि मांस नासवते. त्यात अनेक घटक असतात आणि त्यांना एका-दोन प्रतिद्रव्यांनी आवरणे कठीण आहे. त्यामुळे घोडा अजून बरीच वर्षे लागणार आहे.

तोपर्यंत काय करता येईल ते ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सर्पदंश आराखड्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी महाराष्ट्रातल्या, राजस्थानातल्या, ईशान्येतल्या सापांचे विष त्या त्या ठिकाणी गोळा करणारी केंद्रे हवीत, इरुलांसारखी कुशल माणसे त्यात पगारावर हवीत, आणि लस प्रादेशिक विषावर तपासली गेली पाहिजे. घोड्यांच्या पाहणीचे अहवाल दरवर्षी लोकांसमोर यायला हवेत, आणि उंदरांच्या चाचणीला वेदनाशामकाची अट सक्तीची हवी. लस योग्य सापाची असेल, घोडा धडधाकट असेल, तर दहाऐवजी सहा कुप्यांत काम भागण्याची शक्यता आहे, आणि तितकेच कमी रक्त काढावे लागेल. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता आलेल्या बाईसाठी त्या उरलेल्या चार कुप्या कपाटात शिल्लक असतील.